एकाहत्तर किलो हेलियम

आमच्या अक्काच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि ती म्हणत होती, आधी हरीची तुळा, मग ऑपरेशन. आणि तुळा कशानं? तर गॅसनं. फुग्यात भरतात त्या गॅसनं. हे सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. त्या आठवड्यात मला कुणी हसून दाखवलं असतं तर मी त्याच्या कानाखाली काढली असती.

अक्का म्हणजे गंगाबाई, माझी थोरली बहीण, वय अडुसष्ट. मी त्रिपुरसुंदरी. कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि चुकीच्या उत्तराला एकदाही अर्धा मार्क दिला नाही. मुली मला मागून काय म्हणत ते मला ठाऊक आहे. लग्न केलं नाही, त्याचं कारण कुणी विचारू नये. मेहुणे गेल्यापासून अक्का, तिचा मुलगा हरिकृष्ण आणि मी असे तिघं एका घरात राहतो.

तंजावरच्या डॉक्टर शिवरंजनी म्हणाल्या होत्या, "झडप फार चिंचोळी झालीये. या महिन्यात केलं तर जीव हाती लागेल. पुढच्या महिन्याचं मी बोलणार नाही." शुक्रवारची तारीख मिळाली. मी पिशवी भरायला घेतली, तर अक्का पाटावर बसून शांतपणे तांदूळ निवडतेय.

"मी येणार नाही गे सुंदरे. हरीचा नवस राहिलाय."

मी म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर फेड. ती म्हणाली, "आणि टेबलावरच संपले तर? बोललेली मी. न फेडता गेले तर ते पोराच्या डोक्यावर बसेल. मी नाही झोपायची त्या टेबलावर." तिला धाप लागत होती, एका वाक्यात दोनदा थांबली, पण हटली नाही. ती हटत नसते.

आता नवस कसला ते सांगते. तीन वर्षांपूर्वी हरीला डेंगू झाला, प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या. तेव्हा अक्का आळीच्या टोकाच्या पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळात जाऊन बोलली की पोरगा वाचला तर त्याच्या वजनाइतका त्याच्या धंद्याचा माल घालीन. दुसरे लोक गूळ घालतात, केळी घालतात. आमच्या घराण्याची रीत निराळी. ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं त्यानंच त्याला तोलायचं. पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात मुदपाकखान्यात होते, त्यांना चिंचेनं तोललं. वडील तालुका कचेरीत कारकून, त्यांना कोऱ्या कागदांनी. मला नोकरी लागली तेव्हा अक्कानं मला खडूंनी तोललं होतं, बावन्न किलो. आजवर आमच्यात कुणाचाच धंदा हवेपेक्षा हलका नव्हता, म्हणून ही रीत दोनशे वर्षं बिनतक्रार चालली.

नवस बोलली तेव्हा हरी विड्याची पानं विकायचा. पण दुखण्यातून उठला तो सत्तेचाळीस किलोचा, नुसता सांगाडा. अक्का म्हणाली, असा तोलला तर देवाला कमी मिळेल, अंगावर जरा मांस चढू दे. चढू दे, चढू दे करता करता तीन वर्षं गेली. पोरगा एकाहत्तर किलोचा झाला आणि मधल्या काळात ओल्या पानांच्या गोण्या सोसेनात म्हणून त्यानं धंदा बदलला. आता तो लग्नकार्यात, वाढदिवसांत गॅसचे फुगे लावतो. कुंभकोणम ते आडुतुरै, कुठल्याही कल्याणमंडपात छताला टेकलेले फुगे दिसले तर समजावं आमचा हरी.

"पानांनी तोल ना मग," मी म्हटलं. "तेव्हाचा धंदा तोच होता."

"तुळेच्या दिवशी जो धंदा असेल तो. रीत आहे."

"बरं, रबराचे फुगे घाल. एकाहत्तर किलो. पोती भरून आणू."

अक्कानं हरीकडे बघितलं. "काय रे, रिकामा फुगा विकतोस तू?"

मी हरीला डोळे वटारले. पण ते ध्यान कुठलं बघतंय! "नाही आई," म्हणाला, "रिकामे तर कुणीही विकतं. लोक माझ्याकडे येतात ते गॅससाठी." एवढा प्रामाणिक माणूस धंद्यात टिकतोच कसा, मला कळत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो, ऑटोत मागे एक भरलेलं सिलिंडर आडवं टाकून. देवळाचे पुजारी कृष्णमूर्ति भट्टाचार, सत्तरीचे, अंगानं किरकोळ आणि नियमाला लोखंडासारखे. ध्वजस्तंभाजवळच्या उघड्या अंगणात तुळेचा जाड लाकडी दांडा आहे, दोन्ही टोकांना साखळ्यांनी टांगलेल्या फळ्या. एका फळीवर माणूस बसतो, दुसरी देवाची. भट्टाचारांनी सिलिंडर बघितलं आणि खूश झाले. "हे तर चांगलं जड आहे. एकदोन ठेवली की झालं."

"ते लोखंड आहे, स्वामी," अक्का म्हणाली. "माझा पोरगा लोखंड विकत नाही."

बरोबर बोलली, काय करणार. मी सांगितलं की भरलेलं सिलिंडर तोलायचं, रिकामं तोलायचं, फरक तो गॅस. एका सिलिंडरात जेमतेम एक किलो आणि पावणेदोनशे ग्रॅम. म्हणजे एकाहत्तर किलोला साठाच्या वर सिलिंडरं. हरीचा त्रिचीचा माणूस सणासुदीलाही एका वेळी बारापेक्षा जास्त देत नाही. शुक्रवार चार दिवसांवर आलेला. मी आकडे सांगत होते आणि अक्का माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

तेवढ्यात भट्टाचार म्हणाले, "फुग्यात भरूनच ठेवा की. विकता तसेच."

मी नको म्हणायच्या आत हरीनं दहा मोठे फुगे भरून देवाच्या फळीला बांधले. दोन्ही फळ्या रिकाम्या, एका पातळीत होत्या. देवाची फळी डुलत डुलत वर गेली.

भट्टाचारांचा चेहरा उतरला. त्यांनी अकरावा बांधायला सांगितला. फळी आणखी वर. "अय्यय्यो," ते पुटपुटले, "आजवर माल घातला की देवाचं पारडं खाली येतं. हा तर परत करतोय!"

झालं! अक्का मटकन पायरीवर बसली. ओठ निळसर पडले. "नको म्हणतोय गे तो. माझ्या हातचं त्याला नको. म्हणजे पोरगं..." मला भट्टाचारांचा असा राग आला म्हणून सांगू! मी देवळाच्या अंगणात उभी राहून वर्गात ओरडायची तशी ओरडले.

"देव काही परत करत नाहीये! हवेला वजन असतं, स्वामी. हा फुगा जेवढी जागा अडवतो तेवढ्या जागेतली हवा चारशे ग्रॅम भरते. आतला गॅस भरतो साठेक ग्रॅम. भोवतालची जड हवा खाली घुसते आणि त्याला वर ढकलते. विहिरीत घागर पालथी दाबली तर हाताला वर रेटते की नाही? तेच हे. आठवीच्या पुस्तकात आहे!"

"म्हणजे गॅसला वजन आहे," भट्टाचार म्हणाले.

"आहे."

"मग पारडं खाली का येत नाही?"

मी कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षांत इतका मठ्ठ विद्यार्थी मला भेटला नव्हता, आणि त्याच्या हातात माझ्या बहिणीचा जीव होता. अक्काला धरून घरी आणलं. दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. संध्याकाळी म्हणाली, "दवाखान्यात कळव, मी येत नाही म्हणून."

मी कळवलं नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पहाटे उठले ती थेट हरीला हलवलं. "ऊठ. वजन खाली ओढतं, तुझा माल वर ओढतो. मग माल देवाच्या फळीवर कशाला? तुझ्याच बाजूला बांधू. तू खाली जितका ओढतोस तितकंच गॅसनं वर ओढलं की तुळा समान. बारा सिलिंडरांत भागतं, मी हिशेब केलाय."

हरी डोळे चोळत म्हणाला, "पण मावशी, ते माझ्या वजनाइतका गॅस नाही झाला. माझ्या वजनाइतकी ओढ झाली."

"शाळेत असताना एवढं कळलं असतं तर इंजिनियर झाला असतास," मी म्हटलं. "तोंड बंद ठेव आणि त्रिचीला फोन लाव."

भट्टाचारांना पटवायला सबंध सकाळ गेली. देवाचं पारडं रिकामं कसं ठेवायचं, हा त्यांचा मुद्दा. मी घसा फोडून दमले. शेवटी अक्काच आली, भिंत धरत धरत, दर दहा पावलांना थांबत, आणि म्हणाली, "स्वामी, पोरगं नऊ हजारांवर होतं तेव्हा मी इथं उभी होते. देवाच्या हातात तेव्हा तरी काय दिसत होतं मला? रिकामाच होता की. पण दिलं ना त्यानं?" भट्टाचारांनी एकदा गाभाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, रिकाम्या फळीवर तुळशीचं एक पान तरी ठेवीन. ठेवा म्हटलं, कितीही ठेवा.

बुधवारी पहाटे पाचपासून हरी आणि मी फुगे भरत होतो. तीन फुटी, दोनशे पंधरा. माझ्या बोटांना फोड आले. हरीच्या खांद्यांना आणि कमरेला खाटेच्या रुंद पट्ट्या आवळल्या, त्या पट्ट्यांना फुग्यांचे झुबके. आठ वाजता तो फळीवर मांडी घालून बसला तेव्हा त्याच्या डोक्यावर घराएवढा पांढरा ढीग डोलत होता आणि आळीतले सगळे लोक भिंतीवर चढले होते. शेवटचे दहा फुगे एकेक करून बांधले. दोनशे बाराव्याला हरीची फळी जमिनीवरून सुटली. दोनशे पंधराव्याला दोन्ही फळ्या समोरासमोर आल्या. एकीवर एकाहत्तर किलोचा हरी, दुसरीवर तुळशीचं पान.

अक्कानं माझा हात घट्ट धरला.

"सुंदरे, तू शिकलेली. खरं सांग. पोराच्या वजनाइतकं भरलं ना?"

नव्हतं भरलं. चौदा किलो गॅस होता. बाकीचं सगळं हवेनं केलेलं काम. तिच्या कपाळावर घाम होता, गळ्याची शीर उडत होती, आणि शुक्रवार परवावर.

"भरलं," मी म्हटलं. "बरोबर भरलं."

तिनं डोळे मिटून हात जोडले. भट्टाचारांनी कापूर ओवाळला आणि ते म्हणाले, तुळा झाली, मुला, ऊठ आता. आणि तो शहाणा उठला! नेहमीच्या माणसासारखा, पायाला जोर देऊन उठला. मी "अरे, थांब" म्हणेपर्यंत फळीवरून सुटला आणि सरळ वर. घाईत नाही, अगदी सावकाश, लिफ्टमध्ये उभा असल्यासारखा. धोतराचा सोगा खाली लोंबत होता. तो शेजारच्या मंडपाच्या छताच्या कठड्यापर्यंत गेला, कठडा हाताला लागला म्हणून तिथं अडकला आणि कठडा धरून ओरडला, "मावशी, आता काय?"

"चारपाच फुगे फोड!" मी ओरडले.

"खबरदार!" भट्टाचार माझ्याहून मोठ्यानं. "तुळा झाली. माल देवाचा झाला. देवाच्या मालाला हात लावायचा नाही!"

"अहो, पोरगा वर लटकलाय!"

"तो तुमचा आहे. तो तुम्ही काढून घ्या. फुगे ठेवा."

खाटेच्या पट्ट्यांच्या गाठी त्याच्या पाठीमागे. त्या सोडल्या असत्या तर पोरगा दोन माणसांच्या उंचीवरून खाली आपटला असता. भिंतीवरच्या लोकांचे सल्ले सुरू झाले. कुणी म्हणतंय फायर ब्रिगेड बोलवा, कुणी म्हणतंय हवा गार होईपर्यंत थांबा. मला मात्र एकच दिसत होतं. फक्त किलोदोन किलो पाहिजे. समान तराजूला तेवढं पुष्कळ. मी देवळाच्या स्वयंपाकघरात धावले. प्रसादाच्या गोड पोंगलाचं पितळी पातेलं तयार होतं, झाकण लावलेलं. दिवे लावायच्या लांब काठीच्या आकड्याला ते अडकवलं आणि वर केलं.

"धर! आणि कठडा सोड!"

हरीनं पातेलं छातीशी धरलं, कठडा सोडला आणि खाली येऊ लागला. हळूहळू, पाय सोडून, वाऱ्यावर जरासा फिरत. मधेच त्यानं झाकण काढलं. सकाळपासून उपाशी होता बिचारा. बोटं भरून पोंगल तोंडात घातला.

"खाऊ नकोस मूर्खा! हलका होशील, परत वर जाशील!"

"कशानं जाईन मावशी? पातेल्यातलं पोटात गेलं. वजन तेवढंच!"

आळीभर लोक हसले. एकतीस वर्षं मी हे शिकवलं आणि माझ्याच भाच्यानं मला भर देवळात आठवीच्या वर्गात बसवलं. मी मागे वळले तर अक्का हसत होती. तोंडावर पदर धरून, धापा टाकत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. वर्षभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला भीती वाटली आणि इतकं बरंही वाटलं की मी तिच्या शेजारी पायरीवर बसून चक्क रडले.

हरी जमिनीला टेकला तसं चौघांनी त्याला धरून पट्ट्या सोडल्या. फुगे भट्टाचारांनी ध्वजस्तंभाभोवतीच्या कठड्याला बांधून घेतले, एकही न फोडता. अक्का घरी येऊन जेवली आणि स्वतःच्या हातानं पिशवी भरली.

शुक्रवारी सकाळी सातला दवाखान्यात तिला ऑपरेशनला न्यायला आले. हिरवा झगा, हातात बांगडी नाही, कानांतल्या कुड्या काढलेल्या. ती त्या ढकलगाडीवर इतकी लहान दिसत होती की मला बघवेना. हरी तिचे पाय चेपत होता. मी उगाचच नर्सवर खेकसत होते, चादर सरळ घाला म्हणून.

"सुंदरे, इकडे ये," अक्का म्हणाली. "एका सिलिंडरात किलो आणि पावणेदोनशे ग्रॅम. बारा सिलिंडरं. चौदा किलो होतात ना?"

"तुला माहीत होतं?"

"तूच सोमवारी देवळात ओरडून सांगितलंस. झडप बिघडलीये माझी, कान नाही."

"मग बुधवारी मला कशाला विचारलंस?"

"म्हटलं बघू तरी, काय म्हणतेस. चुकीच्या उत्तराला पूर्ण मार्क दिलेस गे, आयुष्यात पहिल्यांदा."

मी म्हटलं, "अक्का, मग तुझा नवस फिटला नाही. आणि तरी तू आलीस?"

"पोरगं वर गेलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं," ती म्हणाली. दोनदा थांबून श्वास घेतला. "सगळं पुरतं फेडून गेले तर देवाला माझं काय काम? म्हणेल, ये आता, राहा इथंच. म्हणून ठेवलंय थोडं. बोलणारी मी आहे, फेडायला मीच लागणार. एकाहत्तरातून चौदा गेले. सत्तावन्न किलो राहिलेत. एवढं देणं राहिलेल्या बाईला तो परत नाही पाठवणार, तर कुणाला पाठवेल?"

नर्सनं गाडीला हात लावला. मी गाडीचा दांडा धरून ठेवला.

"सत्तावन्न नाही," मी म्हटलं. "दोन सिलिंडरांच्या तोट्या गळत होत्या. त्यांतला निम्मा गॅस तिथंच उडून गेला. अठ्ठावन्न किलोच्या वर राहिलेत."

साफ खोटं होतं. एकही तोटी गळत नव्हती, हरीला माहीत होतं, तो बोलला नाही.

"मग तर बरंच झालं," अक्का म्हणाली, आणि त्यांनी तिला आत नेलं.